कारागिरी शिकावी पुस्तकातून की व्हिडिओतून?

हल्ली वर्कशॉपमध्ये काम शिकायला आलेल्या मुलाचे काही अडले, तर तो उस्तादांना विचारण्याआधी खिशातला मोबाइल काढतो. मोटारीचे कनेक्शन असो, शेरवानीची कॉलर असो की मिक्सरचे बेअरिंग बदलायचे असो, ते काम करणारा कुणीतरी त्याला पडद्यावर सापडतोच. यूट्यूब सुरू झाले 2005 साली. पण आपल्या गल्लीबोळांत ते खऱ्या अर्थाने पोहोचले 2016 नंतर, मोबाइलचा डेटा स्वस्त झाला तेव्हा. त्यापूर्वी अशा मुलाच्या वाट्याला उस्तादांची बोलणी आणि फार तर एखादे तेलकट डाग पडलेले जुने पुस्तक, एवढेच येत असे.

जुन्या कारागिरांना मोबाइलची ही शाळा पटत नाही. व्हिडिओ पाहून कुणी मिस्त्री होत नाही, असे ते म्हणतात. तरुण उलट विचारतात, पुस्तक वाचून तरी कोण झाला? हा वाद चहाच्या टपरीवर सोडून देण्यासारखा नाही, कारण त्यात पैसा अडकलेला आहे. अर्धवट शिकलेला हात गिऱ्हाइकाचा माल बिघडवतो आणि भुर्दंड दुकानाच्या मालकाला बसतो. म्हणून पुस्तक चांगले की व्हिडिओ चांगला, असे मोघम विचारण्यापेक्षा एखादे काम समोर घेऊन त्यातला कोणता भाग कशाने शिकता येतो, हे पाहणे बरे. आम्ही त्यासाठी मोटार रिवाइंडिंगचा धंदा निवडला आहे. शेतीपंपांमुळे तालुक्याच्या गावांतही हा धंदा चालतो, आणि त्यात हाताचे काम व हिशेबाचे काम अशी दोन्ही कामे आहेत.

मोटारीचा हिशेब

जळालेली मोटार दुकानात आली की जुनी तार काढण्यापूर्वी जाणता वाइंडर तिचा हिशेब घेतो. स्टेटरला स्लॉट किती, पोल किती, कॉइल कोणत्या स्लॉटातून निघून कोणत्या स्लॉटात गेली, एका कॉइलला टर्न किती, तार कोणत्या गेजची, एकेरी आहे की जोडीने ओढलेली, कनेक्शन स्टार की डेल्टा. समजा, मोटार थ्री फेज आहे, 36 स्लॉटची आणि 4 पोलची, म्हणजे मिनिटाला साधारण 1440 फेरे घेणारी. तिच्या नेहमीच्या एका वाइंडिंगमध्ये कॉइलचा पहिला संच असा बसतो: 1 ते 12, 2 ते 11, 3 ते 10. दुसऱ्या फेजची सुरुवात 7 व्या स्लॉटापासून आणि तिसऱ्या फेजची 13 व्या स्लॉटापासून. झाले. एवढ्या दोन ओळी भिंतीवर खडूने लिहिल्या तरी काम करता येते. हीच माहिती व्हिडिओतून घ्यायची म्हटली तर दहा-दहा मिनिटे पाहावे लागते. मध्येच आकडा विसरला तर वार्निशने माखलेल्या बोटांनी पडदा मागे सरकवत बसायचे, आणि तेवढ्यात जाहिरात लागते!

आकडा हलला की काय होते, तेही पाहा. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक असते. तारेवरचे इनॅमल न खरवडता मायक्रोमीटर लावला, तर तार आहे त्यापेक्षा जाड दिसते. उलट अंदाजाने एक नंबर बारीक तार भरली, तर तिचा रोध वाढतो आणि मोटार जास्त तापते. टर्न कमी पडले तर मोटार रिकामी फिरतानाही जादा करंट ओढते. अशी मोटार दुकानात टेबलावर लावली की बिनतक्रार फिरते, कारण तिथे तिच्यावर भार नसतो. ती जळते विहिरीवर, ऐन पाण्याच्या पाळीला. मग तार गेली, दोन दिवसांची मजुरी गेली आणि गिऱ्हाईक पुढच्या वेळी शेजारच्या दुकानात जाते. हा सगळा घोटाळा हात चुकल्याने होत नाही, लिहून न ठेवल्याने होतो.

हाताचे काम

आता दुसरी बाजू. तार स्लॉटात भरताना तिचे इनॅमल खरचटू द्यायचे नाही. थोड्या थोड्या तारा सोडवून, बोटाने दाबत, फायबरच्या पट्टीने खाली सारायच्या. स्लॉटातला इन्सुलेशन पेपर किंचित बाहेर ठेवायचा, म्हणजे लोखंडाच्या धारेने तार कापली जात नाही. दोन्ही तोंडांना बाहेर आलेल्या कॉइलला आकार देताना लाकडी ठोकणीचे टोले किती जोराने आणि कोणत्या बाजूने द्यायचे, दोऱ्याने बांधणी कशी आवळायची, हे सारे पुस्तकात एका वाक्यात उरकलेले असते: तारा काळजीपूर्वक बसवाव्यात. काळजीपूर्वक म्हणजे कसे, हे ते वाक्य सांगू शकत नाही. इथे जाणत्या वाइंडरचे हात जवळून दाखवणारा पाच मिनिटांचा व्हिडिओ पन्नास पानांना भारी पडतो.

हे केवळ आमचे मत नाही. होफलर आणि लॉइटनर या दोन जर्मन संशोधकांनी 2007 साली असे 26 अभ्यास एकत्र करून तपासले होते. स्थिर चित्रांपेक्षा हलत्या चित्रांतून शिकणे सरस ठरते, आणि हा फायदा सर्वांत जास्त दिसतो तो हाताने करायच्या कामांत, असे त्यांना आढळले.

परंतु याच विषयावरचा दुसरा एक अभ्यास प्रत्येक उस्तादाने आपल्या शागिर्दांना सांगावा असा आहे. शिकागो विद्यापीठाचे मायकेल कार्डास आणि एड ओब्रायन यांनी 2018 साली तो प्रसिद्ध केला. त्यांनी काही लोकांना एखादे कसब दाखवणारा व्हिडिओ एकदा, तर काहींना तोच व्हिडिओ वीस वेळा दाखवला. एका प्रयोगात ते कसब होते फळ्यावर बाण नेमका फेकण्याचे. वीस वेळा पाहणाऱ्यांना आपण हे चांगले करू असा भरवसा अधिक वाटत होता. प्रत्यक्ष बाण फेकले तेव्हा मात्र एकदा पाहणाऱ्यांपेक्षा ते काही पुढे नव्हते. वाढला होता तो फक्त भरवसा! आपल्या दुकानांतही हेच घडते. चार व्हिडिओ पाहिलेला मुलगा गिऱ्हाइकाची मोटार बेधडक उघडतो. पुस्तक वाचणाऱ्याला निदान आपल्याला अजून येत नाही, एवढे तरी ठाऊक असते.

यावर उपाय सोपा आहे, पण तो कुणी करत नाही. एक मिनिट पाहायचे, मोबाइल पालथा ठेवायचा आणि तेवढेच काम भंगारातल्या स्टेटरवर करायचे. मग पुढचे मिनिट. असे केले तर एका व्हिडिओला अख्खी दुपार जाते, पण हाताला काही तरी येते.

शिलाईच्या दुकानात

शिलाईकामातही हीच वाटणी दिसते. झारापकरांच्या कटिंगच्या पुस्तकाचे नाव महाराष्ट्रातल्या टेलरांना नवे नाही. छातीच्या मापावरून मुंढा, खांदा, गळा कसा काढायचा, कोणत्या मापात किती सूट धरायची, हे हिशेब अशा पुस्तकांतून शिकलेला टेलर कोणत्याही अंगाला कपडा बेततो. व्हिडिओत मात्र बहुतेक वेळा एकाच मापाचा कपडा बेतून दाखवतात. तो पाहून शिकलेल्याला 36 छातीचा ब्लाउज जमतो आणि 42 चा आला की गडबड होते. माप बदलले की काय काय बदलते, हे त्याच्या हाती आलेलेच नसते. कापड एकदा कापले की परत जोडता येत नाही, आणि लग्नसराईतले कापड असेल तर त्याची भरपाई किती करावी लागते, हे दुकानदारांना सांगायला नको.

उलट कॉलरचे टोक धारदार कसे उलटवायचे, कटोरीची गोलाई ओढ न पडता कशी शिवायची, हे पाहण्याचे काम आहे. ज्या भगिनी घरी बसून शिलाई शिकतात, क्लासला जाण्याची ज्यांना सवड किंवा सोय नाही, त्यांना या व्हिडिओंनी मोठा आधार दिला आहे हे मान्य केलेच पाहिजे. त्यांनी एवढेच करावे, की प्रत्येक नमुन्याचा कागदी पॅटर्न कापून त्यावर मापे लिहून ठेवावीत.

ज्यांना वाचता येत नाही

पुस्तकाची बाजू घेणारे एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. आपल्या समाजातील कितीतरी उत्तम कारागीर लहानपणीच शाळा सोडून कामाला लागलेले आहेत. कुणाला उर्दू वाचता येते पण मराठी अडखळत, कुणाला अक्षरे लागतात पण इंग्रजी तक्ता समोर आला की बोट थांबते. अशांसाठी पुस्तकाचे दार बंदच होते. पूर्वी दिल्लीच्या देहाती पुस्तक भंडारची हिंदी तांत्रिक पुस्तके रेडिओ-मोटारवाल्यांच्या दुकानांत दिसत. ज्यांना हिंदी वाचता येई त्यांनी त्यांचा फायदा घेतला. बाकीचे उस्तादांच्या मर्जीवर राहिले. उस्ताद मेहेरबान असला तर शिकवी. नसला तर कनेक्शन करायच्या वेळी शागिर्दाला चहा आणायला पाठवी. हे आम्ही चेष्टेने लिहीत नाही, अनेक जुन्या कारागिरांनी ते भोगले आहे. व्हिडिओने ही मक्तेदारी मोडली.

शिवाय पुस्तक मागे राहते. बीएलडीसी पंखे बाजारात आले, इन्व्हर्टरचे एसी आले, त्यांच्या आत सर्किटचे बोर्ड आले. साध्या पंख्याच्या दुरुस्तीचे पुस्तक तिथे काय करणार? अशा नव्या मालाची दुरुस्ती आज बहुतांशी व्हिडिओंतूनच शिकली जाते.

मात्र व्हिडिओ करणाऱ्याचेही पोट आहे. त्याची कमाई पाहणाऱ्यांच्या संख्येवर आणि जाहिरातीवर असते. त्यामुळे चार तासांचे काम बारा मिनिटांत कापून दाखवणे त्याला भाग पडते, आणि कापला जातो तो नेमका कंटाळवाणा भाग. वार्निश सुकायला लागणारा वेळ, मेगर लावून इन्सुलेशन तपासणे, चुकलेली कॉइल उसवून पुन्हा भरणे, यातले काहीच पडद्यावर येत नाही. पाहणाऱ्याला वाटते, ही पायरी नसावीच. छापील पुस्तकांतही चुका असतात, तक्त्यात एखादा आकडा उलटासुलटा छापला जातो. पण निदान पायऱ्या क्रमाने लिहिलेल्या असतात आणि गाळलेली पायरी दुसऱ्या पुस्तकाशी ताडून पाहता येते. आयटीआयसाठी चेन्नईची सरकारी संस्था निमी जी पुस्तके तयार करते, त्यांत इलेक्ट्रिशियनच्या अभ्यासक्रमात वाइंडिंगचे धडे आहेत. ज्या दुकानात वाचणारा एक जरी मुलगा असेल, तिथे हे पुस्तक असायला हवे. तो वाचून दाखवील, बाकीचे करतील.

लिहून ठेवणारा कारागीर

लिहिणे हे शाळामास्तरांचे काम, कारागिराचे नव्हे, असा एक समज आपल्यात आहे. तो खोटा आहे. आजच्या तुर्कस्तानातील दियारबाकिर येथे अर्तुकी राजांच्या पदरी असलेले अल-जझारी हे स्वतः हाताने यंत्रे बनवणारे कारागीर होते. इ. स. 1206 साली त्यांनी आपल्या 50 यंत्रांची माहिती पुस्तकात लिहिली: पाण्यावर चालणारी घड्याळे, पाणी उपसण्याची यंत्रे, कारंजी. नुसती वर्णने केली नाहीत. चित्रे काढली, चित्रातल्या भागांना अक्षरांची खूण दिली आणि तो भाग कसा घडवायचा, कसा जोडायचा हे क्रमाने सांगितले. 1976 साली लंडनमध्ये त्यांच्या मोठ्या जलघड्याळाची त्या वर्णनावरून पुन्हा उभारणी झाली आणि ते चालले. मध्ये पावणेआठशे वर्षे गेली होती.

एवढे दूर जायला नको. गावातल्या जुन्या वाइंडरांकडे एक डायरी असते. कोणत्या कंपनीची, किती हॉर्सपॉवरची मोटार, किती स्लॉट, किती टर्न, किती गेज, जुन्या तारेचे वजन किती भरले, असे त्यात चाळीस वर्षांचे आकडे असतात. पण ते असतात त्यांच्या स्वतःच्या खुणांत, आणि त्या खुणा दुसऱ्या कुणाला लागत नाहीत. उस्तादांचा इंतकाल झाला की घरचे लोक ती डायरी रद्दीत देतात. मुलगा दुकान पुढे चालवतो खरा, पण तीच मोटार परत आली की पुन्हा पहिल्यापासून टर्न मोजत बसतो. आणि कॉइल पार जळून चिकटलेली असेल तर तेही मोजता येत नाहीत.

ज्यांचे उस्ताद आज हयात आहेत त्यांनी एका रविवारी त्यांच्याजवळ बसावे, डायरीतल्या खुणांचा अर्थ विचारावा आणि नव्या रजिस्टरात तो स्वच्छ आकड्यांत उतरवून घ्यावा. प्रत्येक मोटारीला नंबर द्यावा. त्याच मोटारीची कॉइल उस्ताद भरत असताना मोबाइल स्टँडवर लावून हात जवळून टिपावेत, सुरुवातीला रजिस्टरचा नंबर मोठ्याने बोलावा आणि मधले काहीही कापू नये. रजिस्टरच्या पानांचे फोटो काढून एक प्रत घरी ठेवावी, कारण दुकानात वार्निश आणि स्टोव्ह दोन्ही असतात.