स्टँडवरची शिरगणती

मुरगूडच्या एका वाचकांनी रक्ताच्या रिपोर्टचा फोटो पाठवलाय. पावसाळ्यातला ताप, डेंग्यूची शंका आणि पांढऱ्या पेशी २,८००. आकड्याभोवती पेनानं गोल केलेला. ‘पेशी वाढायला काय खावं?’ एवढाच प्रश्न.

डेंग्यू असेल तर त्यासाठी वेगळं काही खावं लागत नाही. विषाणूमुळे अस्थिमज्जेतलं काम काही दिवस मंदावतं आणि आजार ओसरला की आकडा आपणहून चढतो. पपईच्या पानांचा रस साधारण याच सुमारास सुरू झालेला असतो, म्हणून श्रेय त्याला जातं! जपायचं ते ताप उतरतानाच्या दोन दिवसांत. पोटात कळ, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त यांपैकी काहीही दिसलं तर तडक दवाखाना गाठायचा.

पण त्या गोलातला आकडा मोजतो तरी काय? रिपोर्टवर ४,००० ते ११,००० ही ‘नॉर्मल’ मर्यादा छापलेली असते, तीही रक्ताच्या एका घन मिलिमीटरमधली. समजा, मुरगूडच्या एसटी स्टँडवर उभं राहून कुणी गावाची शिरगणती करायला घेतली. बाजारादिवशी गाव दुप्पट भरेल, धो-धो पावसात निम्मंही भरणार नाही. घरातली, रानातली, तालमीतली माणसं तर मोजदादीत येणारच नाहीत. रक्त हा पांढऱ्या पेशींचा स्टँडच. त्यांचा मुक्काम असतो मज्जेत, प्लीहेत, लसिकाग्रंथींत, आतड्याच्या अस्तरात. लिम्फोसाइट या जातीच्या पांढऱ्या पेशींपैकी कुठल्याही क्षणी रक्तात असतात जेमतेम दोन टक्के. न्यूट्रोफिल ही दुसरी जात, त्या मज्जेतून रोज दहा हजार कोटींच्या घरात बाहेर पडतात. रक्तात शिरलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून असतात. जिना धावत चढा, नाहीतर स्टिरॉइडची गोळी घ्या, त्या भिंतीवरून सुटतात आणि संसर्ग नसतानाही आकडा फुगतो.

म्हणून स्टँडवर किती जण आहेत यापेक्षा कोण आहेत हे बघावं. रिपोर्टच्या खालच्या ओळी पेशींच्या जातीनुसार तेच सांगतात. भात लावणीला अनवाणी चिखलात उतरणाऱ्या माणसाच्या रक्तात इओसिनोफिल वाढलेले दिसले, तर तळपायातून शिरलेल्या अंकुशकृमींचा संशय घ्यायला जागा असते. उलट ब्लड कॅन्सरमध्ये कधीकधी आकडा लाखावर जातो आणि तरीही रोगी साध्या न्यूमोनियापुढे टिकत नाही. पेशी उदंड, पण कच्च्या, कामाला न येणाऱ्या. या पेशींची खरी ताकद त्यांच्या शिक्षणात आहे, आणि त्या शिक्षणाचा एक मोठा धडा मुंबईत गिरवला गेला.

१८८२ साली सिसिलीतल्या मेसिना गावी इल्या मेचनिकॉव्ह या रशियन प्राणिशास्त्रज्ञानं तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा खुपसला. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर काट्याभोवती भटक्या पेशींचा गराडा पडलेला. परक्याला गिळणाऱ्या पेशी हीच शरीराची फौज, हे त्यानं ताडलं आणि १९०८ चं नोबेल पाउल एर्लिखबरोबर विभागून मिळवलं. पाठ्यपुस्तकात त्याला जागा मिळाली. ओडेसातला त्याचा विद्यार्थी वाल्देमार हाफकिन मात्र आपल्याकडे एका संस्थेच्या पाटीपुरता उरला.

ऑक्टोबर १८९६ मध्ये प्लेगनं घेरलेल्या मुंबईत हाफकिन पोचला. ग्रँट मेडिकल कॉलेजमधली एक खोली आणि व्हरांडा, एक कारकून, तीन शिपाई, एवढी त्याची प्रयोगशाळा. जंतू वाढवायच्या रश्शात गोमांस किंवा डुकराचं मांस असेल तर इथं लस कोण टोचून घेणार? म्हणून त्यानं बोकडाचं मांस वापरलं. वरून तूप सोडलं. तुपाच्या तवंगाला धरून प्लेगचे जंतू गुहेतल्या लवणस्तंभांसारखे खाली लोंबत वाढायचे. (प्लेगच्या लशीत तूप! विज्ञानाच्या इतिहासातला माझा हा सगळ्यात लाडका तपशील.) जंतू तापवून मारले आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई त्यानं स्वतःलाच टोचून घेतली. सणकून ताप आला, तोही उतरला. पुढे १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवालला लस दिलेल्यांपैकी १९ जण धनुर्वातानं दगावले. हाफकिनवर ठपका आला आणि निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडलं.

मेलेले जंतू दाखवून पेशींना शत्रूची ओळख पटते, हे या लशीचं मर्म. ती ओळख जपून ठेवणाऱ्या पेशी म्हणजे लिम्फोसाइट, हे मात्र हाफकिनच्या हयातीत कुणाला ठाऊक नव्हतं. त्या रक्तातून लसिकेत आणि लसिकेतून पुन्हा रक्तात फेऱ्या मारतात, हे ऑक्सफर्डच्या जेम्स गोवन्स यांनी दाखवलं तेही १९५० च्या दशकाच्या अखेरीस.

आज याच मुंबईत आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून ही शिकवणी थेट जनुकांपर्यंत नेली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या ‘नेक्सकार१९’ उपचारात रोग्याच्याच टी-पेशी (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) बाहेर काढतात, त्यांत एक जनुक घालतात आणि कॅन्सर झालेल्या बी-पेशी (लिम्फोसाइटचाच दुसरा प्रकार) ओळखून मारायला त्यांना परत धाडतात. पांढऱ्या पेशीनंच पांढरी पेशी टिपायची! परदेशात तीन-चार कोटींना पडणारा उपचार इथं ४० लाखांच्या आसपास सुरू झाला. तरी सगळे रोगी बरे होतात असं नाही, आणि चेतवलेल्या टी-पेशींमुळे कधीकधी जीवावर बेतणारा ताप येतो.

‘इम्युनिटी बूस्टर’ विकणाऱ्यांना हा शेवटचा मुद्दा कुणीतरी ऐकवायला हवा. सरसकट चेतलेली प्रतिकारशक्ती म्हणजे दमा, संधिवात आणि ॲलर्जी. डब्यातल्या भुकटीला पेशींना काही शिकवता येत नाही. ते काम लस करते, आणि लहान मुलांच्या लशी सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. मुरगूडच्या वाचकांनी भुकटीचे पैसे वाचवावेत, डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी पुन्हा रक्त तपासावं आणि दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून बघावेत. एकट्या आकड्यापेक्षा तो चढतोय की उतरतोय, यातून जास्त कळतं.