मान न वळवता पाहणारे रडार

गुढीपाडवा आणि उगादी एकाच दिवशी येतात. त्यामुळे आमच्यासारख्या दोन भाषांच्या घरात दारात गुढीही उभी राहते आणि देवापुढे बेवु-बेल्लही ठेवले जाते. २ एप्रिल २०२२ च्या पाडव्याला रात्री आठच्या सुमारास जेवणाची पाने मांडत होतो, तोच खातेगांवहून आतेबहिणीचा फोन आला. खातेगांव म्हणजे मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातले, नर्मदाकाठच्या नेमावरजवळचे गाव.

"दादा, आत्ताच गच्चीवरून पाहिलं. जळत्या दिव्यांची माळ आभाळातून सरकत गेली. सगळी गल्ली बाहेर आलीय!" मागून तिच्या मुलाचा आवाज आला, "मामा, एवढी रडारं आहेत, मग कुणालाच आधी कळलं नाही?"

प्रश्न रास्त होता. त्या रात्री झाबुआ, बडवानीपासून नागपूरपर्यंत अनेकांनी हा प्रकाश पाहिला. प्रथम सर्वांना ती उल्का वाटली. मग चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडलेले सापडले. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या 'चांग झेंग ३बी' या चिनी अग्निबाणाचा तिसरा टप्पा त्या वेळी वातावरणात शिरला, असे अभ्यासकांनी सांगितले. आणि हा टप्पा त्याच सुमारास खाली येणार, हा अंदाज आधीच झालेला होता!

हा अंदाज कसा बांधतात, ते समजून घेऊ. रडार रेडिओलहरी सोडते आणि वस्तूवर आपटून परत येणारा प्रतिध्वनी ऐकते. लहरींचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. हजार किलोमीटरवरच्या वस्तूचा प्रतिध्वनी सेकंदाच्या सुमारे दीडशेव्या भागात परत येतो. लागलेल्या वेळावरून अंतर कळते. वस्तू जवळ येते आहे की दूर जाते आहे, हे लहरींच्या बदललेल्या पट्टीवरून कळते, जसे आगगाडीच्या शिटीवरून आपल्याला कळते. अडचण एकच. अंतर दुप्पट झाले की परतणारा प्रतिध्वनी सोळा पटींनी क्षीण होतो. म्हणून दूरचे पाहायला मोठे आणि ताकदवान रडार लागते.

जुनी रडारे थाळीसारखी असतात आणि गरगर फिरतात. पण सेकंदाला सात-आठ किलोमीटर पळणाऱ्या अनेक वस्तूंमागे एवढी जड थाळी किती फिरवणार? म्हणून 'फेज्ड ॲरे' रडार निघाले. त्यात एका मोठ्या थाळीऐवजी हजारो लहान अँटेना एका सपाट फळीवर ओळीने बसवलेल्या असतात.

मिरवणुकीतली ढोलवाल्यांची लांब रांग डोळ्यांसमोर आणा. सगळ्यांनी एकाच क्षणी टिपरू मारले तर नाद समोर सरळ जातो. पण डावीकडच्याने आधी, त्याच्या शेजारच्याने किंचित उशिरा, तिसऱ्याने आणखी उशिरा मारले, तर नादाची लाट तिरकी होऊन उजवीकडे वळते. रांग मात्र जागची हललेली नसते. रडारमध्ये हाच उशीर सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही कमी असतो आणि तो संगणक ठरवतो. त्यामुळे झोत क्षणात एका दिशेकडून दुसरीकडे जातो. एका वस्तूवर नजर टाकून दुसरी, मग तिसरी, आणि पुन्हा पहिली, असा माग एकाच वेळी ठेवता येतो.

हे काम आपल्या जवळही चालते. बंगळूरच्या एलआरडीई या संस्थेने 'आकाश' क्षेपणास्त्रासाठी 'राजेंद्र' हे याच जातीचे रडार तयार केले. श्रीहरिकोट्याला इस्रोचे बहुवस्तू माग रडार आहे. त्याच्या फळीवर ४,६०८ घटक आहेत. एका वेळी दहा वस्तूंचा माग ते ठेवू शकते. तीस सेंटीमीटर लांबी-रुंदीची वस्तू ८०० किलोमीटरवरून आणि पन्नास सेंटीमीटरची १,००० किलोमीटरवरून त्याला दिसते. आपल्याकडची कितीतरी मुले जिथे नोकरीला जातात, त्या बंगळूरच्या पीण्यातच, इस्ट्रॅकच्या आवारात, १४ डिसेंबर २०२० रोजी अवकाशातल्या कचऱ्यावर लक्ष ठेवणारे इस्रोचे केंद्र सुरू झाले.

मग लाडबोरीला आधी का कळवता आले नाही? याला कारणे दोन. रडारची नजर सरळ रेषेत जाते आणि पृथ्वी गोल आहे. वस्तू क्षितिजाखाली गेली की पुढच्या रडारच्या टप्प्यात येईपर्यंत फक्त गणितावर भरवसा. आणि वातावरणाचा वरचा थर सूर्याच्या तापण्याप्रमाणे कमीजास्त दाट होतो, त्यात वस्तू कोलांट्या खात असते. त्यामुळे तिला नेमका किती अडथळा होईल, हे गणितात बसत नाही. वेग एवढा की वेळेत एका मिनिटाची चूक झाली तर जागेत साडेचारशे किलोमीटरहून अधिक चूक होते. म्हणजे बेळगांवला पडेल म्हणावे आणि बंगळूरला पडावे! शेवटी अंदाज चुकतो तो काही मिनिटांनी नव्हे, कित्येकदा तासांनी. एवढ्यावरून कुठले गाव रिकामे करायचे?

भाच्याला हे सगळे सांगितले. तो म्हणाला, "म्हणजे मामा, रडारला दिसलं होतं, पण गावाचं नाव सांगता आलं नाही." अगदी बरोबर.

म्हणून एवढे घरात सांगून ठेवावे. असे काही शेतात किंवा अंगणात पडलेले दिसले तर हात लावू नये, मुलांना दूर ठेवावे आणि पोलिसांना कळवावे. अशा टाक्यांत विषारी इंधनाचा अंश उरलेला असू शकतो. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जमिनीवर झालेल्या नुकसानीची जबाबदारी अग्निबाण सोडणाऱ्या देशावर येते. पण त्यासाठी ती वस्तू कुणाची, हे आधी सिद्ध व्हावे लागते. म्हणून तुकडा भंगारात विकू नये की आठवण म्हणून घरात ठेवू नये.

भाचा आता दर पाडव्याला रात्री गच्चीवर जातो. फोनवर मला विचारतो, "मामा, आज काही येणार आहे का?"