मासाच्चोने भिंतीत उघडलेली जागा

फ्लॉरेन्समधल्या सांता मारिया नोव्हेला चर्चच्या डाव्या भिंतीत एक छोटं चॅपेल असल्यासारखं दिसतं. दोन गुलाबीसर खांब, वर कमान, आत खोलवर गेलेलं चौकटींचं छत. प्रत्यक्षात भिंत सपाट आहे. मासाच्चोने सुमारे १४२७ मध्ये ओल्या गिलाव्यावर रंगवलेलं हे ‘पवित्र त्रैक्य’. तेव्हा त्याने नुकतीच पंचविशी गाठली होती. १४२८ मध्ये तो रोममध्ये वारलाही.

ही सगळी करामत भूमितीची. छताच्या आत जाणाऱ्या रेषा पुढे वाढवल्या, तर त्या चित्रातल्या येशूच्या क्रुसाच्या पायथ्यापाशी एका बिंदूत मिळतात, आणि हा बिंदू जमिनीवर उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला येतो. आखणीसाठी गिलाव्यात कोरलेल्या रेषा आजही दिसतात. हे तंत्र तेव्हा कोरं करकरीत होतं. वास्तुकार ब्रुनेलेस्कीने त्याचे प्रयोग थोड्याच वर्षांपूर्वी याच शहरात केले होते.

पण नुसता डोळ्यांना चकवा द्यायचा, एवढाच मासाच्चोचा हेतू असता तर छत पुरेसं होतं. त्याने डोळ्यांच्या या पातळीलाच अर्थ दिला. तिच्या खाली दगडी थडग्यावर सांगाडा पसरलेला आहे. त्याच्याकडे मान खाली घालूनच बघावं लागतं. वरचा मजकूर बजावतो, की हाही एके काळी जिवंत होता आणि बघणाऱ्याचीही गत हीच व्हायची आहे. क्रुसाकडे मात्र मान वर करून बघावं लागतं.

मधे चढती रांग आहे. खांबांच्या बाहेर, म्हणजे आपल्याच जगात, चित्राचा खर्च उचलणारं जोडपं गुडघे टेकून बसलंय. मध्ययुगीन चित्रांत असे दाते बहुधा चिमुकले काढत. इथे ते संतांच्याच मापाचे आहेत. कमानीच्या आत संत योहान आणि येशूची आई मारिया. मारिया तरुण, सुंदर वगैरे नाही. उतारवयाची आहे, आणि रडतही नाही. ती थेट आपल्याकडे बघते आणि उघड्या हाताने मुलाचा देह दाखवते. शोकापेक्षा साक्ष देण्याचा हा आविर्भाव चित्रातली सगळ्यात धाडसी गोष्ट म्हणावी लागेल.

क्रुसामागे उभा देव, म्हणजे पिता, दोन्ही हातांनी क्रुसाची आडवी फळी पेलतो. पिता-पुत्रांच्या मधलं पांढरं कबूतर, म्हणजे पवित्र आत्मा, इतकं बेमालूम बसलंय की पहिल्या नजरेला पित्याची कॉलरच वाटावी. आणि इथे चित्रकार स्वतःचाच नियम मोडतो. एवढ्या उंचीवरचा चेहरा खालून पाहिल्यासारखा दिसायला हवा, पण पिता समोरासमोर दिसतो. शिवाय तो मागच्या कट्ट्यावर उभा असूनही त्याचे हात पुढच्या क्रुसापर्यंत पोचतात. इतक्या काटेकोर माणसाकडून ही चूक झाली असेल, हे पटत नाही. माणसाच्या नजरेला लागू होणारी मोजमापं त्याने देवापुरती बाजूला ठेवली असावीत.

भिंत आरपार भेदल्यासारखी वाटते, अशी या छताची तारीफ चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वसारी या चित्रकाराने केली होती. त्याच वसारीने १५७० च्या सुमारास चर्चच्या नूतनीकरणात या चित्रापुढे नवी वेदी उभारून त्यावर स्वतःचं चित्र लावलं. मूळ भित्तिचित्र मात्र त्याने खरवडून काढलं नाही. १८६० च्या सुमारास ते पुन्हा उजेडात आलं, तेव्हा वरचा भाग काढून दुसऱ्या भिंतीवर नेला गेला. सांगाडा वेदीमागेच राहिला; तो १९५२ मध्ये सापडला आणि मग दोन्ही भाग मूळ जागी एकत्र आले. मधली सुमारे नव्वद वर्षं बघणाऱ्यांना क्रूस दिसत होता, पण मान खाली घालायला लावणारं थडगं नव्हतं.