इंग्रजीतील शब्दयोगी अव्यये : स्थानभेद आणि अर्थभेद

'प्रेपोझिशन' ही संज्ञा इंग्रजीने लॅटिनमधून घेतली असून 'आधी ठेवलेले' हा तिचा मूळ अर्थ होय. या नावाने शब्दाचे स्थान कळते, कार्य कळत नाही. मराठी व्याकरणात ज्यांना शब्दयोगी अव्यये म्हणतात, ती नामानंतर, बहुधा त्याच्या सामान्यरूपाला जोडून येतात : 'घरापुढे', 'झाडाखाली'. इंग्रजीत हा क्रम उलट आहे. तथापि या स्थानभेदामुळे फारशी अडचण होत नाही. 'टेबल अंडर' असे इंग्रजी मराठीभाषक विद्यार्थी सहसा लिहीत नाही. असे असूनही पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या लेखनात या अव्ययांच्या चुका राहतात. त्यांचे मूळ स्थानात नसून अर्थाच्या वाटणीत आहे.

'रामाने चाकूने दोर कापला' हे वाक्य पाहावे. कर्ता आणि साधन या दोहोंस 'ने' हा एकच प्रत्यय लागला आहे. त्यांतील भेद नामांच्या अर्थावरून कळतो. याच आशयाच्या इंग्रजी कर्मणी रचनेत कर्त्याआधी 'बाय' व साधनाआधी 'विथ' येते : 'द रोप वॉज कट बाय राम विथ अ नाइफ'. पुन्हा 'बसने' याचे इंग्रजी 'बाय बस' असे होते. कारण तेथे हातातील साधन अभिप्रेत नसून प्रवासाची रीत अभिप्रेत असते.

कालवाचक रचनेतही हेच दिसते. 'सोमवारपासून' आणि 'दोन वर्षांपासून' ही दोन्ही रूपे मराठीत रूढ आहेत. इंग्रजी मात्र आरंभबिंदू व कालावधी यांत भेद करते : 'सिन्स मंडे', परंतु 'फॉर टू इयर्स'. 'सिन्स टू इयर्स' ही परिचित चूक 'पासून'चा हा व्यापक अर्थ इंग्रजीत नेल्याने होते.

दुसऱ्या प्रकारच्या चुकांचा संबंध क्रियापदाशी असतो. 'विषयावर चर्चा करणे' या मराठी रचनेत 'चर्चा' हे नाम आहे आणि 'विषयावर' हे पद त्याच्याशी संबद्ध आहे. इंग्रजीतही 'डिस्कशन' या नामानंतर 'अबाउट' किंवा 'ऑन' येते. पण 'डिस्कस' हे सकर्मक क्रियापद असल्याने त्याला कर्म थेट लागते. 'डिस्कस अबाउट' या प्रयोगात नामाची रचना क्रियापदाला लावली जाते. त्याचप्रमाणे 'रामाशी विवाह' यातील 'शी'मुळे 'मॅरिड विथ' असे लिहिले जाते. प्रमाण इंग्रजीत तेथे 'टू' येते.

या वाटणीमागे केवळ तर्क शोधणे व्यर्थ आहे; तिचा काही भाग इतिहासाने ठरविला आहे. प्राचीन इंग्रजीत नामांना विभक्तिप्रत्यय होते. ते क्षीण होत गेले, तसतसा त्यांच्या कार्याचा मोठा भाग शब्दक्रमाकडे व या अव्ययांकडे आला. त्या काळी 'विथ'चा प्रमुख अर्थ 'विरुद्ध' असा होता व 'सह' या अर्थी 'मिड' हा शब्द होता. पहिल्याचा अवशेष 'विथस्टँड'मध्ये आणि दुसऱ्याचा 'मिडवाइफ'मध्ये आढळतो. 'फाइट विथ' याचा अर्थ आजही संदर्भानुसार 'शी लढणे' किंवा 'च्या बाजूने लढणे' असा होऊ शकतो. १६११ च्या इंग्रजी बायबलात कर्मणी रचनेतील कर्त्याआधी 'ऑफ'ही येते. पुढे ते स्थान मुख्यतः 'बाय'ने घेतले.

याचा अर्थ सर्वच प्रयोग यादृच्छिक आहेत असा नव्हे. 'ॲट' बिंदूचा, 'ऑन' पृष्ठभागाचा व 'इन' आवरणाचा बोध करून देते, हे स्थलवाचक प्रयोगांत पुष्कळसे खरे ठरते. पण 'ऑन मंडे' यात पृष्ठभाग दाखविता येत नाही. तेथे स्थलविचाराची मर्यादा मान्य करून रूढी शिकविणेच योग्य.

तात्पर्य, 'ने म्हणजे बाय, शी म्हणजे विथ' अशा प्रतिशब्दांच्या याद्या अपुऱ्या आहेत. वरील बहुतेक चुका अशा समीकरणांतूनच जन्मतात. क्रियापद, विशेषण वा नाम शिकविताना त्याच्याशी येणारे अव्ययही एकत्रच शिकवावे, आणि चूक तपासताना तिच्यामागील मराठी रचना प्रथम ओळखावी. चुकीचे कारण मराठीच्या व्यवस्थेत सापडले, तर ती दुरुस्त करण्याचा मार्गही विद्यार्थ्याला आपल्याच भाषेच्या ज्ञानातून दाखविता येतो.