मेमरिस्टरचे जाळे आणि सेल्युलर ऑटोमेटा : आलेख कागदावरील प्रतिमान

रोधक, धारित्र व प्रवर्तक हे विद्युत मंडलाचे तीन घटक वर्गात शिकविले जातात. 1971 साली लिऑन चुआ यांनी विद्युतभार व चुंबकीय अभिवाह यांना जोडणारा चौथा घटक मांडला, तोच मेमरिस्टर. 2008 साली एचपीच्या प्रयोगशाळेने टायटॅनियम डायऑक्साइडच्या पातळ थरात तो दाखविल्याचे जाहीर केले (तो चुआंच्या मूळ व्याख्येत बसतो का, हा वाद पुढेही चालला). त्यातून किती विद्युतभार कोणत्या दिशेने गेला यावर त्याचा रोध ठरतो आणि वीज बंद केल्यावरही टिकतो. बेळगाव-निपाणी भागास हा विषय दूरचा नाही. निपाणीपासून सुमारे 40 किलोमीटरवरील कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात मेमरिस्टरवर संशोधन झाले आहे.

एका मेमरिस्टरचे गणित पदवीच्या विद्यार्थ्याला जमते. हजारोंचे जाळे असले की सर्वांची अवकल समीकरणे एकदम सोडवावी लागतात. अँड्र्यू अ‍ॅडमॅट्झ्की व चुआ यांनी 2011 साली सेल्युलर ऑटोमेटाचा सोपा मार्ग दाखविला. यात चौकटी असतात; प्रत्येक चौकट केवळ शेजाऱ्यांकडे पाहून पुढच्या क्षणी स्थिती बदलते. स्थिती तीन: विश्रांत, उत्तेजित व थकलेली. उत्तेजित चौकट पुढच्या क्षणी थकते, मग विश्रांत होते. चौकटींमधील दुवे हेच मेमरिस्टर. ते खुले किंवा बंद असतात.

समजा, नियम असा केला: दुव्याचे आरंभीचे टोक उत्तेजित व शेवटचे थकलेले असेल तर दुवा खुला होतो, उलट असेल तर बंद. दोन शेजाऱ्यांत जाण्याचा व येण्याचा असे दोन दुवे, सुरुवातीला सर्व खुले. आता एका ओळीत डावीकडून लहर सोडावी. ती जाते, पण मागे उजवीकडे जाणारे दुवे बंद होत जातात. दुसरी लहर डावीकडून सोडली तर पहिल्याच दुव्यापाशी अडते. उजवीकडून सोडलेली मात्र सरळ पार होते आणि बंद दुवे पुन्हा उघडते. जाळ्याने दिशा लक्षात ठेवली! आलेख कागद व दोन रंगांच्या पेन्सिली एवढ्यावर हे तासाभरात करता येते. उपकरणे नसलेल्या महाविद्यालयास ही मोठी सोय आहे.

मात्र एक गोष्ट विद्यार्थ्यांपासून लपवू नये. खऱ्या जाळ्यात किरचॉफच्या नियमांमुळे एका बिंदूचा विभव साऱ्या जाळ्यावर अवलंबून असतो, फक्त शेजाऱ्यांवर नव्हे. म्हणून या प्रतिमानातून स्मृती कशी घडते ते कळते. किती मिलिअँपिअर प्रवाह वाहील ते कळत नाही.