काडतुसाची मान आणि गोळीची बैठक

मंडळी, नेम साधतो तो डोळ्याने आणि हाताने, असे आपण म्हणतो. ते खरे; पण अर्धे. उरलेले अर्धे काम काडतुसाचे असते.

१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचे कांस्यपदक मिळविले. त्या लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर रुंद असते. काडतुसे एकासारखी एक नसतील, तर नुसता हात स्थिर असून काय उपयोग? त्या खेळातली काडतुसे कारखान्यातच तयार होतात. ती पुन्हा भरता येत नाहीत. अमेरिकेत मात्र मोठ्या रायफलीचे पुष्कळ नेमबाज झाडलेल्या काडतुसाची पितळी नळी जपून ठेवतात, आणि तीत नवी टोपी, दारू आणि गोळी घरीच भरतात. त्यातल्या दोन गोष्टी समजून घेण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट मानेची. बार उडाला की पितळ फुगते आणि रायफलीच्या घराला चिकटून बसते. मग ते थोडे आकसते, पण पहिल्याइतके नाही. त्यामुळे मान सैल पडते आणि नवी गोळी तीत धरत नाही. बाटलीचे बूच पाहा ना! सैल असले तर गळून पडते, घट्ट असले तर निघता निघत नाही. म्हणून साच्यात घालून मान पुन्हा आवळतात. नुसती मानच आवळली, तर बाकीचे अंग त्या रायफलीच्या घराच्या मापाचेच राहते. पण चार-सहा वेळा झाडल्यावर तेही घट्ट होते, खटका जड चालतो, आणि मग सगळे अंगच साच्यातून काढावे लागते. म्हणून हल्ली कित्येक नेमबाज दर वेळी सबंध अंगच आवळतात, पण अगदी बेताने. खरी मेख अशी, की प्रत्येक मानेची पकड सारखी हवी.

दुसरी गोष्ट गोळीच्या बैठकीची. रायफलीच्या नळीत आतून पीळदार खाचा असतात. गोळी मानेतून सुटते आणि थोडे अंतर तोडून त्या खाचांत शिरते. हे अंतर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाने बदलले, तरी कागदावरची छिद्रे जवळ येतात किंवा पांगतात. कुठल्या रायफलीला कोणते अंतर मानवते, ते झाडूनच ठरवावे लागते. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम. गुरुजी, प्रयोगवहीत आपण मुलांना हेच शिकवतो, नाही का?

यात धोकाही आहे, बरे का. गोळी फार खोल बसली तर दारूची जागा आकुंचते. खाचांना टेकली तरीही दाब चढतो. दाब मर्यादेबाहेर गेला, तर रायफल फुटून नेमबाजाच्याच तोंडावर येते. म्हणून जाणते लोक छापील कोष्टकाबाहेर जात नाहीत. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतुसे बनविणे हा गुन्हा आहे. तेव्हा हे समजून घ्यायचे, करून पाहायचे नाही.

करून पाहायचेच असेल, तर शाळेतला व्हर्नियर काढा. एकाच डब्यातले दहा खडू मोजा आणि त्यांत किती फरक निघतो ते मुलांना लिहू द्या. अचूकपणा जोरात नसतो, सारखेपणात असतो, हे त्या दहा आकड्यांवरून त्यांना आपोआप कळेल.