लॅपटॉप कुणासाठी, कशासाठी?

‘कोणता लॅपटॉप घेऊ?’ हा प्रश्न लोक मला विचारतात, याचं मलाच नवल वाटतं. मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बीए, तेही मराठी घेऊन. पण गेली वीसेक वर्षं माझं सगळं लिखाण याच यंत्रावर चाललंय, एका छोट्या त्रैमासिकाचे अंकही मी घरी बसून लावतो. त्यामुळे मोहल्ल्यात जी ख्याती झाली, ती आता पुसता येत नाही. विचारणाऱ्याला मी एवढंच म्हणतो, ‘त्यावर तुम्ही करणार काय, ते आधी सांगा.’

बहुतेक जण म्हणतात, ‘सगळंच.’ शेतात, लग्नात आणि पावसात एकच जोडा वापरायचा म्हटलं, तर चांभार काय सांगणार?

माझ्या थोरल्या बहिणीची, आपाची, गोष्ट सांगतो. दोन वर्षं शिलाई करून भरलेली भिशी तिने उचलली. हातात ४५ हजार आले. लेकीला बीकॉमला शहरातल्या कॉलेजात प्रवेश मिळालेला, लॅपटॉप हवाच होता. दुकानदाराने पोरीला दाखवला ७२ हजारांचा, खेळांसाठी बनवलेला. कळफलकाखाली लाल-निळे दिवे. ‘वरचे पैसे हप्त्याने द्या,’ म्हणाला. पोरगी हरखून गेली. मला फोनवर म्हणाली, ‘मामू, एकदाच भारी घ्यायचा असतो ना?’

मी तिला कामांची यादी करायला सांगितली. टॅली, एक्सेल, प्रकल्पाचं टायपिंग, व्याख्यानांचे व्हिडिओ, रात्री एखादा सिनेमा. यातल्या एकाही कामाला स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लागत नाही. ते लागतं त्रिमितीय आराखडे करणाऱ्याला, व्हिडिओ संपादन करणाऱ्याला, खेळणाऱ्याला. इतरांच्या वाट्याला त्याचं वजन, उष्णता आणि लवकर उतरणारी बॅटरी तेवढी येते. असं यंत्र सव्वादोन-अडीच किलोच्या घरात जातं, शिवाय विटेएवढा चार्जर. ते रोज बसमधून न्यायचं होतं. टॅली विंडोजवर चालतं, त्यामुळे अ‍ॅपलचा विचारच नव्हता.

मग पैसे कशावर घालायचे? माझ्या मते आधी मेमरी आणि साठवण. दुकानात या दोन शब्दांची फार सरमिसळ होते. साठवण म्हणजे स्वयंपाकघरातलं फडताळ, मेमरी म्हणजे ओटा. फडताळ कितीही मोठं असो, ओटा अरुंद असेल तर एक पातेलं खाली ठेवल्याशिवाय दुसरं चढवता येत नाही. यंत्र अडखळतं ते बरेचदा इथे. आज ८ जीबी मेमरी ही कामचलाऊ पायरी समजा, १६ असेल तर चार-पाच वर्षं काळजी नाही. पण २०२५च्या अखेरीपासून मेमरीच्या चिप फार महागल्या आहेत. म्हणून खिसा आखूड असेल तर ८ घ्या, मात्र ‘मेमरी वाढवायला मोकळा स्लॉट आहे का?’ हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. अनेक पातळ यंत्रांत ती पट्टीवर कायमची डकवलेली असते, पुढे वाढत नाही.

साठवण एसएसडीचीच हवी. जुन्या हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरते, एसएसडीत फिरणारं काही नसतं. म्हणून ती वेगवान, आणि धक्क्यालाही कणखर. ६४ जीबी साठवणीची फार स्वस्त यंत्रं मोहात पाडतात. त्यातली बरीच जागा विंडोजच व्यापतं, उरलेल्या जागेत तुम्ही अंग चोरून राहायचं.

प्रोसेसरबद्दल दुकानात सर्वांत जास्त बोललं जातं, मी सर्वांत कमी बोलेन. आय-३, आय-५, आय-७ ही नुसती नावं पाहू नका, पिढी पाहा. दहा वर्षांपूर्वीच्या आय-७ला आजचा साधा प्रोसेसरही मागे टाकू शकतो. आणि नवा आकडा म्हणजे आतला सांगाडा नवाच, असंही नाही. रायझेन ५ ७५२०यू घ्या. त्यातला पहिला सात २०२३ सालच्या मालिकेचा, पण तिसरा आकडा दोन सांगतो की आतली रचना २०१९मध्ये बाजारात आलेली आहे. कामाला तो वाईट नाही, फक्त नव्याच्या भावात घेऊ नये.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय, पडदा आणि कळफलक. जाहिरातीत हे शेवटच्या ओळीत असतं, पण आपले डोळे आणि बोटं दिवसभर तिथेच असतात. आपली लिपी शिरोरेषेच्या वर-खाली पसरते. १३६६ बाय ७६८च्या पडद्यावर बारीक अक्षरात रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात. ‘वंश’चा ‘वश’ झालेला मुद्रित वाचताना सुटतो, आणि छापून आल्यावर पहिल्या नजरेत दिसतो! १९२० बाय १०८०च्या खाली उतरू नका. पडदा चकचकीत नको, नाहीतर खिडकीशेजारी बसून स्वतःचाच चेहरा वाचावा लागेल. आयपीएस प्रकारचा असेल तर बाजूने पाहिलं तरी रंग फिकटत नाहीत.

कळफलकावर दुकानातच उभं राहून चार ओळी टाइप करा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्या. १५.६ इंची यंत्रांत बहुधा उजवीकडे आकड्यांचा वेगळा गट असतो, त्यामुळे अक्षरांच्या कळा डावीकडे सरकतात. मला ते तिरकं बसून लिहिल्यासारखं वाटतं, म्हणून मी १४ इंचीच वापरतो. पण दिवसभर आकडे भरणाऱ्या भाचीला तोच गट हवा होता. तिने १५.६ इंची घेतला, साधारण पावणेदोन किलोचा, ८ जीबी मेमरी, एक स्लॉट मोकळा. ४५ हजारांतले काही उरले, ते वसतिगृहाच्या अनामतीत गेले. आपाच्या शिलाई मशीनवर हप्त्याचं ओझं आलं नाही.

देवनागरीसाठी वेगळं यंत्र किंवा वेगळा कळफलक घ्यावा लागत नाही. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की झालं. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला. पंधरा दिवसांत बोटं सरावतात. मी मित्रांना अधूनमधून उर्दूत पत्रं लिहितो, तीही याच यंत्रावर उजवीकडून डावीकडे चालत जातात.

कमी पैशांत भागवायचं असेल तर मोठ्या कंपन्यांनी वापरून काढलेली यंत्रं बाजारात मिळतात. मजबूत असतात, मी त्यांच्या बाजूचा आहे. पण विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं. आय-५-८२५०यू असं लिहिलेलं असेल तर आडव्या रेघेनंतरचा आठ ही पिढी. तिथे चार किंवा सहा दिसला तर किंमत कितीही गोड असो, पुढे चला. नाहीतर लिनक्स टाकून वापरायची तयारी ठेवा. नुसत्या लेखनाला ते पुरतं. बॅटरीचा अहवाल विंडोज स्वतः काढून देतं. मूळ क्षमता किती होती आणि आता किती उरली, ते दुकानातच पाहून घ्या.

नव्या यंत्राच्या खोक्यावर ‘डॉस’ असं लिहिलेलं असेल तर त्यात विंडोज नाही. दुकानदार ‘टाकून देतो’ म्हणतो, ते बहुधा चोरीचं असतं. बिलावर यंत्राचा क्रमांक लिहून घ्या. दुरुस्ती केंद्र तालुक्याला आहे की थेट पुण्या-मुंबईला, हेही विचारा.

माझ्यासारख्या जुन्या लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक. तुमच्या फायली श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटांत असतील, तर नव्या यंत्रावर त्या उघडल्यावर रोमन अक्षरांचा कचरा दिसेल. जुनं यंत्र चालू आहे तोवर त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि बदललेली प्रत छापील पुस्तकाशी ताडून पाहा. जोडाक्षरं तिथेच बिघडतात. भंगारवाल्याला हाक त्यानंतर मारा.